नॉइजमधला खोटा 'दोन': सुपरकंडक्टर जंक्शनच्या मोजणीच्या नोंदी

३ जून

आजपासून नोंदी लिहिते. हाच प्रयोग पुढे कुणी करायला घेतला तर माझ्या चुका त्यांना आयत्या मिळाव्यात, एवढाच हेतू.

काम असं आहे. जंक्शनमधून, म्हणजे मध्ये पातळ अडथळा असलेल्या दोन थरांच्या जोडातून, करंट जातो तो सलग धारेनं जात नाही, सुट्या चार्जच्या रूपात जातो. पत्र्याच्या छपरावर तेवढंच पाणी बारीक थेंबांनी पडलं तर सळसळ होते, टपोऱ्या थेंबांनी पडलं तर तडतड. तसंच करंट तेवढाच असून नॉइज दुप्पट झाला तर इलेक्ट्रॉन एकेकटे न जाता जोडीनं जाताहेत असं धरता येतं. शॉट नॉइजचं हे गणित शॉटकीनं १९१८ मध्ये मांडलं. नेहमीच्या सुपरकंडक्टरमध्ये (ठरावीक तापमानाखाली ज्याचा रेझिस्टन्स शून्य होतो असा पदार्थ; त्या तापमानाला टीसी म्हणतात) हा दुप्पट नॉइज २००० साली ग्रेनोबलच्या गटानं नायोबियम-तांबं जोडावर मोजला. खरी गंमत त्यानंतरची. २०१९ मध्ये राइस विद्यापीठ आणि ब्रुकहेवनच्या लोकांनी कॉपर ऑक्साइडच्या जंक्शनांत, तर २०२१ मध्ये लायडनच्या गटानं टायटॅनियम नायट्राइडवर टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई धरून दाखवलं की रेझिस्टन्स शून्य व्हायच्या आधीच, म्हणजे टीसीच्या वरच्या तापमानालाही, जोड्या हजर असतात.

आम्ही नायोबियम नायट्राइड घेतोय. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) याच पदार्थावर बरंच काम झालंय. फिल्ममध्ये अव्यवस्था वाढवली की टीसी खाली येतो, पण गॅप (एकेकट्या इलेक्ट्रॉनला मज्जाव असलेला ऊर्जेचा पट्टा) मात्र टीसीच्या वरही रेंगाळतो, हे तिथल्या टनेलिंगच्या मोजणीत दिसलंय. त्या रेंगाळणाऱ्या गॅपमध्ये जोड्या आहेत का, हे नॉइजनं विचारायचं.

नवीन पैसे शून्य. जुनी डिपस्टिक (नमुना द्रव हेलियममध्ये बुडवायची लांब नळी) आणि उसने आणलेले दोन अॅम्प्लिफायर एवढंच भांडवल.

९ जून

अॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज १.२ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. आपला सिग्नल त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून जंक्शनला दोन अॅम्प्लिफायर समांतर लावायचे आणि दोघांच्या आउटपुटचं क्रॉस-कोरिलेशन घ्यायचं. प्रत्येकाची स्वतःची बडबड वेगळी असते, सरासरीत ती झिजून जाते. दोघांनाही ऐकू येतं तेवढं जंक्शनचं उरतं.

सगळं बॅटरीवर. १२ व्होल्टच्या चार सीलबंद बॅटऱ्या ४,६०० रुपये, अॅल्युमिनियमची ओतीव डबी आणि कनेक्टर ३,८५० रुपये. वर्कशॉपमधल्या काकांनी डबीला भोकं पाडून दिली. "एवढ्या जाड डबीत काय ठेवणार, दागिने?" म्हणाले.

१४ जून

कॅलिब्रेशन. १ किलोओहमचा साधा मेटल फिल्म रेझिस्टर. खोलीच्या तापमानाला त्याचा थर्मल नॉइज ४.०७ नॅनोव्होल्ट यायला हवा, ४.०५ आला. खूश होऊन हेलियममध्ये सोडला. तिथे नॉइजवरून काढलेलं तापमान ७.२ केल्विन! रेझिस्टर ४.२ केल्विनच्या हेलियममध्ये बुडालेला, आणि नॉइज म्हणतोय सात.

दीड दिवस गळती शोधली, ग्राउंड बदलले, केबल बदलल्या. कारण डोळ्यांसमोर होतं. बायस (जंक्शनवर लावायचं व्होल्टेज) द्यायला वर खोलीत १०० किलोओहमचा रेझिस्टर लावलेला, तो ३०० केल्विनवर बसून स्वतःचा नॉइज खाली ढकलत होता. हिशेब तोंडी होतो: ३०० चा शंभरावा भाग म्हणजे ३ केल्विन. ४.२ अधिक ३. तो काढून १ मेगओहमचा लावला, ४.५ आला, आणि वरचे ०.३ कुठले तेही आता माहीत आहे.

क्रॉस-कोरिलेशन केलं की सगळा बाहेरचा नॉइज जातो असं मला वाटत होतं. जंक्शनमधून वाहून जे येतं ते दोन्ही अॅम्प्लिफायरना सारखंच ऐकू येतं, ते कितीही सरासरी काढली तरी जात नाही.

१५ जून

गडबडीत गरम डिपस्टिक सरळ डेवारमध्ये (हेलियमच्या मोठ्या थर्मासमध्ये) सोडली. हेलियमची पातळी एका फटक्यात १२ सेंटिमीटर उतरली. आता नियम: मानेत वीस मिनिटं थांबायचं, मग इंच-इंच खाली.

२ जुलै

जंक्शनची पहिली बॅच. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या क्रिस्टलवर ६०० अंशाला नायोबियम नायट्राइड स्पटर केलं (व्हॅक्यूम चेंबरमध्ये पातळ थर बसवला), गरम ऑक्सिजनमध्ये वरचा थर ऑक्सिडाइज केला, त्यावर मास्क लावून चांदीच्या पट्ट्या. दुसऱ्या बाजूलाही सुपरकंडक्टर घ्यावा का, यावर सरांशी चर्चा झाली होती. १९९७ साली नायोबियम नायट्राइडच्या दोन थरांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड असलेल्या जंक्शनांत नॉइज कितीतरी पटींनी वाढलेला मोजला गेला होता, कारण ऑक्साइडच्या बारीक छिद्रांतून चार्ज दोन्ही भिंतींवर पुन्हा पुन्हा आपटून गठ्ठ्यानं जातो. तिथे स्वच्छ 'दोन' मिळणं अवघड. म्हणून एका बाजूला चांदी.

फिल्मचा टीसी १५ केल्विनच्या आसपास हवा होता. आला ९. सहा जंक्शनांपैकी चार शॉर्ट.

१७ जुलै

पंधरा दिवस वाया गेल्यावर कारण सापडलं. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतली ओल पितो. पॅकेट जूनमध्ये फोडलं, अर्धे तुकडे वापरले, उरलेले कपाटात ठेवले. पुण्यातला जुलै, खिडकीबाहेर धो धो पाऊस. तुकड्यांचा पृष्ठभाग हायड्रॉक्साइड होऊन मरून गेला होता. नीट प्रकाशात तिरपं धरलं तर पातळ दुधी झाक दिसते, काचेवर साबणाचा डाग राहतो तशी. कपाटातली सिलिका जेल केव्हाच निळ्याची गुलाबी झाली होती, आणि ती रोज बघत असूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आता तुकडे व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये, आणि स्पटर करण्याआधी चेंबरमध्येच तासभर तापवायचे. नवीन फिल्मचा टीसी १४.६.

२५ जुलै

३ब नावाचं जंक्शन चांगलं निघालं. मोठ्या बायसला रेझिस्टन्स ९०० ओहम, गॅप साधारण २.४ मिलिव्होल्टला. ३अ मात्र कनेक्टर लावताना गेलं. ऑक्साइडचा थर एक-दोन नॅनोमीटरचा, अंगावरच्या स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. आता कनेक्टरवर कायम शॉर्टिंग कॅप, आणि मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय हात लावायचा नाही.

६ ऑगस्ट

आज दोन आला.

३ब, ४.२ केल्विन, बायस दीड मिलिव्होल्ट, म्हणजे गॅपच्या आत. नॉइज भागिले करंट काढला तर प्रभावी चार्ज (एका इलेक्ट्रॉनचा चार्ज एक धरून) १.९९. गॅपच्या बाहेर ४ मिलिव्होल्टला तोच १.०२. पुस्तकात छापावा असा आलेख. रात्री अकरा वाजता ज्युनियरला फोन करून उठवलं. सकाळी टपरीवर सगळ्यांना चहा आणि क्रीमरोल माझ्याकडून, २८० रुपये.

७ ऑगस्ट

सरांना आलेख दाखवला. ते दोनाकडे बघेनात. त्यांनी आलेखाच्या मधोमध, शून्य बायसवर बोट ठेवलं.

"इथे तापमान किती निघतंय?"

"काढलं नाही, सर."

"काढ."

तिथेच बसून काढलं. शून्य बायसला शॉट नॉइज नसतोच, नुसता थर्मल नॉइज असतो, त्यावरून जंक्शनचं तापमान कळतं. बायस रेझिस्टरचा हिस्सा वजा करूनही आलं १२ केल्विन. थर्मामीटर ४.२ म्हणतोय. सर काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. माझ्या पोटात गोळा आला.

चूक अशी: अॅम्प्लिफायर व्होल्टेजचा नॉइज मोजतात. आपल्याला हवा करंटचा. एकातून दुसऱ्यात जायला जंक्शनच्या रेझिस्टन्सच्या वर्गानं भागायचं. मी सगळीकडे ९०० ओहमनंच भागलं. पण गॅपच्या आत जंक्शनचा डिफरन्शियल रेझिस्टन्स, म्हणजे त्या बिंदूपाशी करंट किंचित हलवला तर व्होल्टेज किती हलतं तो, ९०० राहत नाही. शून्य बायसला तो २,६०० ओहम होता, दीड मिलिव्होल्टला १,२७०. आता १,२७० ला ९०० नं भागा: १.४१. त्याचा वर्ग: १.९९.

म्हणजे माझा 'दोन' इलेक्ट्रॉनांनी दिलेला नव्हता, माझ्या भागाकारानं दिला होता. ऑक्साइडचा रेझिस्टन्स त्या ठिकाणी योगायोगानं दीड पटीपेक्षा थोडा कमी वाढला आणि आकडा बरोब्बर दोनाजवळ येऊन बसला. ३.७ आला असता तर मी त्याच रात्री चूक शोधली असती. हवा तो आकडा आला म्हणून शोधली नाही.

८ ऑगस्ट

त्यातच दुसरी चूक लपलेली सापडली. दोन्ही बाजूंच्या केबल मिळून कपॅसिटन्स ४८० पिकोफॅराड. ९०० ओहमला याची कटऑफ ३७० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणून मी निश्चिंत होते. पण २,६०० ओहमला ती १२७ किलोहर्ट्झवर येते, आणि मी नॉइज मोजत होते ४० ते १४० च्या पट्टीत. म्हणजे बायस बदलला की सिग्नल किती कापला जातो तेही बदलत होतं. ही चूक पहिलीच्या उलट दिशेनं जाते, तिनं आकडा थोडा खालीच ओढला असणार. दोन चुकांनी मिळून एक सुबक उत्तर तयार केलं होतं.

१३ ऑगस्ट

दुरुस्ती, क्रमानं:

आधी प्रत्येक बायसला लॉक-इननं (एकाच फ्रिक्वेन्सीचा बारीक सिग्नल मोजणारं यंत्र) डिफरन्शियल रेझिस्टन्स मोजायचा. ७७ हर्ट्झ, २० नॅनोअँपिअर. मग लॉक-इन बंद, केबल काढून ठेवायची, आणि त्याच बायसला नॉइज. लॉक-इन नुसता बंद करून केबल तशीच ठेवली तर तिच्यातून खोलीतला सगळा कचरा आत येतो, त्यात एक संध्याकाळ गेली. पट्टी आता ४० ते ८० किलोहर्ट्झच. कपॅसिटन्स अंदाजानं न घेता १, २.२ आणि ४.७ किलोओहमचे रेझिस्टर लावून थर्मल नॉइजच्या उतारावरून काढला. आणि शून्य बायसला तापमान थर्मामीटरशी जुळल्याशिवाय पुढचा एकही बिंदू घ्यायचा नाही.

३ब पुन्हा मोजलं. दीड मिलिव्होल्टला १.०५, गॅपबाहेर १.०० ते १.०४. दोन गेला, एक उरला. गॅपच्या आतला करंटही एकेकट्या इलेक्ट्रॉनांचाच आहे, थर वरून खराब असल्यानं गॅपची कड विरलेली आहे असा माझा अंदाज. वाईट वाटलं, पण आता निदान 'एक' देणारं एक जंक्शन हातात आहे. ते जपून ठेवलंय, डबीवर लाल टेप.

२१ ऑगस्ट

संध्याकाळी सात ते नऊ मोजणी अशक्य. जवळच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झालाय. आमची पट्टी ४० किलोहर्ट्झच्या वर, ढोलाचा संबंध यायला नको. पण डिपस्टिकमधल्या तारा थरथरतात, खालच्या फ्रिक्वेन्सीला एवढा सिग्नल येतो की दुसऱ्या टप्प्याचा अॅम्प्लिफायर भरून जातो आणि सगळीच पट्टी बिघडते. ओव्हरलोडचा दिवा ताशाच्या ठेक्यावर लुकलुकतो, हे बघण्यासारखं आहे. दोन टप्प्यांच्या मध्ये हाय-पास फिल्टर घातला. १२० रुपये, आणि तारा आतून जीई व्हार्निशनं चिकटवल्या. आता ढोल चालतो. ताशाला अजून थोडा त्रास होतो.

२९ ऑगस्ट, गुरुवार

वीज नाही. मला वाटलं होतं, आज इमारत शांत, सर्वात स्वच्छ स्पेक्ट्रम मिळेल. यूपीएसच्या इन्व्हर्टरनं २० किलोहर्ट्झ आणि त्याच्या पटींना सुळके उभे केले, म्हणजे ४०, ६० आणि ८०, नेमके आमच्या पट्टीत. दिवस वाया.

५ सप्टेंबर

५अ जंक्शन टाकून दिलं. प्रभावी चार्ज १ मिलिव्होल्टला १.२, ३ मिलिव्होल्टला २.६. बायसबरोबर वाढतच जातो, याचा अर्थ जोड्या नव्हेत. करंट दुप्पट केला तर शॉट नॉइज दुप्पट होतो. इथे वरचा जादा नॉइज चौपट होत होता. ऑक्साइडमधले सापळे भरतात-रिकामे होतात, त्यानं रेझिस्टन्सच हलत राहतो, त्याचा हा नॉइज, करंटच्या वर्गाबरोबर वाढणारा. नवीन जंक्शन हातात आलं की आधी नॉइज विरुद्ध करंट काढायचा आणि सरळ रेष येते का बघायचं. रेष वाकडी असली तर पुढे जाऊ नये.

१८ सप्टेंबर

कमी वेळ ऑक्सिडाइज केलेलं ७क. पातळ अडथळा, रेझिस्टन्स २१० ओहम. जाड अडथळ्यातून जोडी जाणं फार विरळ, कारण दोघांना एकदम पलीकडे जावं लागतं, म्हणून पातळ हवा. पण रेझिस्टन्स कमी म्हणजे व्होल्टेजचा सिग्नलही लहान: ५ मायक्रोअँपिअरला जेमतेम ०.२७ नॅनोव्होल्ट. एका बिंदूला दहा मिनिटं सरासरी.

शून्य बायस: ४.३ केल्विन. जुळलं.

गॅपच्या आत १.२ ते २ मिलिव्होल्टमध्ये प्रभावी चार्ज १.६, मागेपुढे ०.१. गॅपच्या बाहेर हळूहळू १ वर.

या वेळी कुणाला फोन केला नाही.

२० सप्टेंबर

१.६ ला पाडायचा प्रयत्न. पहिला संशय गरम होण्याचा: जंक्शन करंटनं तापलं तर नॉइज वाढेलच. पण मग बायस वाढवल्यावर तो आणखी वाढायला हवा, इथे तर गॅप ओलांडताच खाली येतो. दुसरी परीक्षा: डिपस्टिक द्रवातून वर उचलून मानेत २० केल्विनला धरली. आता तेच जंक्शन, तोच अडथळा, पण सुपरकंडक्टर नाही. ८ मिलिव्होल्टपर्यंत मोजलं, ०.९२ आला. एकापेक्षा थोडा कमी असणं बरोबरच, अडथळा पातळ असला की इलेक्ट्रॉन थोडे रांगेनं जातात आणि नॉइज घटतो. तिसरी: लाल टेपचं ३ब त्याच रात्री त्याच तारांवर पुन्हा, १.०३.

एकेकट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या इलेक्ट्रॉनांनी एकापेक्षा जास्त येऊ शकत नाही. २ का नाही, १.६ च का? ४.२ केल्विनला काही इलेक्ट्रॉन गॅप चढून एकेकटेही जातात, आणि अडथळा सगळीकडे सारखा पातळ नाही. आलेख बघून सर म्हणाले, "हा मळलेला दिसतोय, म्हणून खरा वाटतोय."

३ ऑक्टोबर

आता खरं काम. मुद्दाम अव्यवस्थित केलेली फिल्म, टीसी ५.४. मोजायचं ६.५ केल्विनला, म्हणजे टीसीच्या वर. आणि इथे गणितानं हात बांधले. एवढ्या तापमानाला थर्मल ऊर्जाच ०.५६ मिलिव्होल्टएवढी, गॅप जेमतेम ०.९. या बायसला थर्मल आणि शॉट नॉइज एकमेकांत मिसळलेले असतात. सगळा करंट जोड्यांचा असला तरी नॉइज एकेकट्यांपेक्षा फक्त ४४ टक्के जास्त येणार, दुप्पट नाही. करंटचा दहावा हिस्सा जोड्यांचा असेल तर फरक ४.४ टक्क्यांच्या आसपास.

आणि माझ्या अॅम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पटींनी वाढवतो तो आकडा) दिवसभरात ३ टक्के सरकतो. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो तसा खोलीत चार अंशांचा फरक पडतो, गेन त्याच्यामागून लंगडत जातो.

११ ऑक्टोबर

अॅम्प्लिफायरची डबी थर्माकोलच्या खोक्यात, भोवती पाण्याच्या चार बाटल्या. २०१८ च्या बंदीनंतर मखरवाल्यांकडे थर्माकोल मिळत नाही, एका जुन्या पंपाच्या पॅकिंगमधलं वापरलं. शिवाय प्रत्येक तीन बिंदूंनंतर एकदा शून्य बायसला परत यायचं, तिथल्या थर्मल नॉइजवरून गेन नव्यानं काढायचा. वेळ एक तृतीयांशानं जास्त लागतो. गेनचं सरकणं ३ वरून ०.६ टक्क्यांवर. खर्च शून्य.

१६ ऑक्टोबर

अव्यवस्थित फिल्मचं ९ब, ६.५ केल्विन. नॉइज करंटबरोबर सरळ रेषेत, शून्य बायसला ६.६. ०.९ मिलिव्होल्टला एकेकट्यांच्या हिशेबापेक्षा २ टक्के जास्त, आणि चूक मागेपुढे दीड टक्का. याला काहीही म्हणता येत नाही. आणखी तीन रात्री मोजून एकूण चार रात्रींची सरासरी घेतली तर चूक पाऊण टक्क्यावर येईल, गेन तेवढा टिकला तर.

हेलियम २१ सेंटिमीटर उरलंय, रोज साधारण अडीच उतरतंय. पुढचा डेवार सोमवारनंतरच मिळणार. ज्युनियर रात्री दोनपर्यंत थांबतो म्हणालाय, दोनला मी येते.